जुने चित्रपट ताणू नका

मा. संपादक,
स. न.

दुपारी बऱ्याच वाहिन्यांवर कृष्णधवल जमान्यातले चित्रपट लागतात. त्यासाठी आभारच मानायला हवेत. पण त्यांची चौकट जशी मोडली जाते, त्याबद्दल कोणीतरी बोलायला हवे.

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात ध्वनिपट्टीने फिल्मची एक कड खाल्ली. त्यानंतर उंचीच्या १.३७ पट रुंदीची चौकट रूढ झाली. ‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या, नाहीतर बंगालीतला ‘पथेर पांचाली’ (१९५५), दोन्ही याच चौकटीतले. आजच्या टीव्हीचा पडदा मात्र १.७८ पट रुंद. मूळ आकार राखायचा तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या सोडाव्याच लागतात. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) पडद्यावर साधारण २२०-२२० ठिपक्यांच्या. एवढा मोठा टीव्ही घेऊन पट्ट्या कशाला बघायच्या, अशी काही प्रेक्षकांची तक्रार असते. मग वाहिन्या दोनांपैकी एक उपाय करतात, आणि दोन्ही वाईट.

पहिला, चित्र आडवे ताणायचे. माणूस ३० टक्के रुंद होतो. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा दुष्काळातून नव्हे, लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखे दिसतात.

दुसरा, चित्र मोठे करून वरून-खालून कापायचे. यात जवळपास २३ टक्के उंची जाते. तमाशापटांत याचा घात सर्वांत जास्त. लावणीत नर्तकी पूर्ण उंचीने चौकटीत बसवलेली असते, वर पदराला जेमतेम जागा, खाली पायातले चाळ. कापले की चाळ जातात. ढोलकी ऐकू येते, पण तिला उत्तर देणारी पावले दिसत नाहीत.

रुंद पडद्याच्या चित्रपटांची गत उलटी. ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपला पहिला सिनेमास्कोप. तमिळमध्ये सिनेमास्कोप ‘राजराज चोळन’ (१९७३) आणि तेलुगूत ‘अल्लुरी सीताराम राजू’ (१९७४) पासून आला. २.३५ पट रुंद चित्र टीव्हीभर पसरायचे तर बाजूंचा पाव भाग फेकावा लागतो. दोन पात्रे दोन टोकांना उभी असली की एकाचे नुसते नाक उरते. ‘शोले’चे प्रकरण मात्र वेगळे: चित्रण ३५ मिमी फिल्मवर, नंतर ७० मिमी फिल्मसाठी रुंद केलेले. तिथे कोणती चौकट खरी यावर वाद घालता येईल. बाकीच्यांबाबत वादाला जागा नाही.

जाता जाता वेगाबद्दलही. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा, आपले टीव्ही प्रसारण २५ चे. थेट २५ ने चालवला तर दोन तासांचा चित्रपट पाच मिनिटे आधी संपतो, आणि सूर दुरुस्त केला नाही तर काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी अडकतो. घरी पेटी असेल तर लावून पाहा, कोणतीच पट्टी नीट जुळणार नाही. मूकपटांची दशा याहून वाईट. सेकंदाला १६ चित्रांनी हाताने फिरवून टिपलेला मूकपट २४ ने दाखवला की दीडपट वेगाने पळतो, आणि लोक समजतात, तेव्हाचे नट असेच धावत असत.

ताणले आहे की कापले आहे, हे घरबसल्या ओळखता येते. पडद्यावर समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा: भिंतीवरचे घड्याळ, गाडीचे चाक, ग्रामोफोनची तबकडी. आडव्या अंड्यासारखी दिसली तर चित्र ताणलेले आहे. आधी आपल्याच टीव्हीची सेटिंग पाहा. रिमोटवर ‘झूम’ किंवा ‘वाइड’ चालू राहिलेले असते. तिथे सगळे ठीक असेल तर वाहिनीनेच ताणले आहे; ४:३ निवडा, चेहरे जवळजवळ मूळ आकारात येतील. वस्तू गोल आहे, पट्ट्या नाहीत, पण डोकी आणि श्रेयनामावलीच्या ओळी कापल्या जात आहेत, तर चित्र कापलेले आहे. त्यावर रिमोटमध्ये इलाज नाही. गेलेला भाग प्रसारणातच नसतो. अशा वेळी चित्रपटाचे नाव, तारीख आणि वेळ लिहून वाहिनीकडे तक्रार करावी. नुसते ‘चित्र खराब दिसते’ असे कळवले, तर बहुधा डिश नीट बसवून घ्या असे उत्तर येते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर