पांढऱ्या कांद्याच्या उळ्यातून लाल कांदा निघाला म्हणजे दरवेळी भेसळच नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कांद्याच्या रंगावरून आमच्या भागात दरवर्षी भांडणं होतात, आणि रंग नेमका कसा ठरतो हे शेतीच्या पानावर मी तरी कधी नीट वाचलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या घरचंच सांगतो. वडील पांढऱ्या कांद्याचं उळं, म्हणजे बी, घरीच धरायचे. एका साली बांधापलीकडे चुलत्यांनी पिवळ्या कांद्याचे डोंगळे, म्हणजे बी धरण्यासाठीचे कांदे, लावलेले, दोन्हीकडचे गोंडे एकाच वेळी फुलले आणि मधमाश्या दिवसभर या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. पुढच्या हंगामात ते उळं टाकलं, रोप लावलं, काढणीला बघतो तर पांढऱ्या कांद्यात मधे मधे लालभडक कांदे! आसपास लाल कांद्याचा एक डोंगळा नव्हता, मग लाल आला कुठून? वडिलांनी सरळ चुलत्यांवर आळ घेतला की तुमच्या पोरांनी आमच्या डब्यात लाल उळं मिसळलं. दोन वर्षं घरं बोलत नव्हती.

कोणीच काही मिसळलं नव्हतं. कांद्याचा रंग एका जीनवर (जनुकावर) ठरत नाही. एक जीन आहे तो रंग मुळात तयार होऊ द्यायचा की नाही हे ठरवतो, आणि दुसरा त्या रंगाला पिवळ्यावरून लालपर्यंत नेतो. टाकीचा मेन कॉक बंद असला तर वरच्या मजल्यावरचा नळ कितीही उघडा ठेवा, पाणी येत नाही, तसंच पांढऱ्या कांद्याचं असतं, त्याच्यात लालचा जीन चांगला धडधाकट असू शकतो पण पहिलाच बंद म्हणून दिसत नाही. पिवळ्यात उलटं, पहिला चालू, लालचा बंद. दोघांचा संकर झाला की एकाकडून हा मिळतो, दुसऱ्याकडून तो, आणि कांदा लाल. अमेरिकेत क्लार्क, जोन्स आणि लिटल या शास्त्रज्ञांनी १९४४ सालीच कांद्याच्या रंगाचा हा हिशोब मांडून ठेवलाय. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांना स्वीट पी या फुलवेलीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या संकरातून अशीच जांभळी फुलं मिळाली होती.

आता खरी अडचण पुढे आहे. हा लाल कांदा छान दिसला म्हणून त्याचंच उळं धरलं, बाहेरचा पराग येऊ दिला नाही, तर पुढच्या पिढीत १६ मागे साधारण ९ लाल, ३ पिवळे आणि ४ पांढरे निघतात. म्हणजे परत कोणावर तरी भेसळीचा आळ. आणि त्या ४ पांढऱ्यांपैकी ३ जणांच्या पोटात लाल लपलेला असतो, फक्त एकात नसतो, पण साल सोलून बघा नाहीतर कापून बघा, चौघं सारखेच पांढरेशुभ्र. त्यात आणखी एक जीन असा आहे की तो नुसता हजर असला तरी रंग दाबून टाकतो, त्यामुळे सगळ्याच पांढऱ्या जातींना एकच हिशोब लागू पडत नाही हेही सांगायला पाहिजे.

भेसळ होतच नाही असं मी अजिबात म्हणत नाही, होते आणि त्यात शेतकरी बुडतो, तिथे तक्रार केलीच पाहिजे. पण शेतात लाल दिसला की लगेच चोर ठरवायचा हे चूक आहे, आधी शेजारी कोणते डोंगळे होते आणि किती लांब होते हे विचारा. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ५०० मीटर अंतर सांगतात ते उगाच नाही, माशी बांध बघून थांबत नाही.

शाळेत आम्हाला मेंडेलचा वाटाणा शिकवला, उंच आणि बुटका, एक जीन एक गुण, आणि तिथेच थांबवलं. कांद्याच्या तालुक्यातल्या पोरांना ९:३:४ कांद्यावर शिकवायला काय हरकत आहे? तीन रंगांचे कांदे तर प्रत्येकाच्या कांदाचाळीत नाहीतर बाजारात सापडतील.

वडील आणि काका दोघंही आता नाहीत. हे मला तेव्हा माहीत असतं तर ती दोन वर्षं वाया गेली नसती असं फार वाटतं. डोंगळे लावायचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, त्याच्या आधी पत्र छापलंत तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आपला,
एक कांदा उत्पादक, नाशिक जिल्हा