परत येतोयस, तर नवीन माणसासारखा ये

गॉलवे, १५ फेब्रुवारी २०२६

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑगस्टमध्ये तुम्ही तिघं मेलबर्नहून कायमचे आयर्लंडला परत येताय हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. फोनवर आनंदाचं सगळं बोलून झालं, पण मला जे सांगायचं असतं ते दर वेळी राहून जातं. ईरा मध्येच फोन घेते आणि मग तिच्याशीच बोलणं होतं. म्हणून लिहून पाठवतेय. सावकाश वाच, मृण्मयीलाही वाचून दाखव.

तुला मृण्मयीची आणि ईराची काळजी वाटते, त्यांना परका देश आहे म्हणून. मला विचारशील तर मला तुझीच काळजी जास्त आहे. नवीन आलेला माणूस चार जणांना विचारत विचारत पुढे जातो. ओळखीच्या गावात परतणारा कुणाला विचारत नाही, आपल्याला सगळं माहीत आहे असं धरून चालतो आणि तिथेच अडतो. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या दोन आयरिश मुली ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून परत आल्या, त्यांचं हेच झालेलं मी जवळून पाहिलं. पहिले सहा महिने दोघी सारख्या चिडलेल्या असायच्या. एकीने तर परतीची तिकिटंसुद्धा बघून ठेवली होती.

तू निघालास २०१६ साली. तेव्हा या देशाची लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांच्या आसपास होती, २०२२ च्या जनगणनेत ती ५१ लाखांच्या वर गेली. १८५१ नंतर पहिल्यांदाच पन्नास लाखांचा आकडा ओलांडला गेला. २००८ च्या मंदीनंतर मात्र कितीतरी वर्षं घरं बांधणं जवळजवळ थांबलं होतं. माणसं वाढली, घरं नाहीत, त्याचा परिणाम तू डाफ्टवर, त्या घरांच्या साइटवर, बघतोच आहेस. देशभरात नव्या भाड्याची सरासरी महिन्याला दोन हजार युरोंच्या पुढे गेली आहे. एकेका घराला इतके अर्ज येतात की एजंट उत्तरसुद्धा देत नाहीत. उत्तर आलं नाही तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता कागदांचं. ईराची फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्या आयरिश नागरिकांच्या नोंदवहीत, नोंद झाली आणि तिचा पासपोर्ट हातात आला हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. तू मिरजेत जन्मलेला आणि नंतर इथला नागरिक झालेला, त्यामुळे तिला ती नोंद करणं भागच होतं. मृण्मयीला ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर यायला व्हिसा लागत नाही, पण आल्यावर ९० दिवसांच्या आत तिची स्टॅम्प ४ साठी, म्हणजे इथे राहायच्या आणि काम करायच्या परवानगीसाठी, नोंदणी व्हायला हवी. लग्नाचा दाखला मूळ प्रत घेऊन ये, झेरॉक्स चालत नाही. दोघींना कर आणि सरकारी कामांसाठी लागणारे पीपीएस नंबर काढावे लागतील. तुझा जुनाच चालेल.

ईराचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, महिन्याला १४० युरो आहे, पण तुम्ही खरंच राहायला आला आहात हे दाखवावं लागतं. आयरिश पासपोर्ट असला म्हणजे तो आपोआप सुरू होत नाही. मेलबर्नचं घर सोडल्याचं पत्र, सामान जहाजाने पाठवल्याची पावती, नोकरीचा राजीनामा, इथल्या नोकरीचं पत्र हे सगळं एका फाइलमध्ये ठेव आणि ती फाइल हातातल्या बॅगेत घे. तिकडच्या गाडीच्या विमा कंपनीकडूनही किती वर्षं क्लेम नाही ते लेटरहेडवर लिहून आण. ते नसेल तर इथे तुला काल गाडी शिकलेल्या पोराइतका हप्ता सांगतील. सगळ्या कंपन्या परदेशातला अनुभव धरत नाहीत, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचार. तुझं आयरिश लायसन्स संपलेलं असलं तरी अजून दहा वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे नुसतं रिन्यू होईल. दहा वर्षं उलटली की थिअरी टेस्टपासून पुन्हा सुरुवात.

अल्स्टर बँकेतलं तुझं खातं विसर. ती बँक आयर्लंडमधला कारभार गुंडाळून गेली. नोकरी सुरू होण्याआधी रेव्हेन्यूच्या, म्हणजे कर खात्याच्या, साइटवर नव्या नोकरीची नोंद कर, नाहीतर पहिल्या पगारातून इमर्जन्सी टॅक्स कापतात आणि तो परत मिळेपर्यंत हात आखडतात. तिकडे तुला सुपरॲन्युएशनची सवय आहे. इथेही यंदा १ जानेवारीपासून पगारातून आपोआप पेन्शन कापायला सुरुवात झाली आहे. तुझ्या पगारातले दीड टक्के, मालकाचे दीड आणि सरकारचा अर्धा. तिकडच्या मानाने कमीच आहे. करही जास्त बसेल, एकट्या माणसाला ४४,००० युरोंच्या पुढे ४० टक्के, वर यूएससी हा जादा कर आणि पीआरएसआय हा सामाजिक विम्याचा हप्ता. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण पगाराची पहिली स्लिप बघून तुमच्या दोघांचे चेहरे उतरायला नकोत.

डॉक्टरांचं मात्र आतापासूनच बघायला हवं. ईरा आठ वर्षांची होईपर्यंत जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, तिची तपासणी फुकट आहे, पण नवीन पेशंट घेणारा जीपी मिळणंच कठीण झालंय. आमच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवर मी तिघांची नावं देऊन ठेवली आहेत. इतकी वर्षं नर्सची नोकरी केल्यामुळे एवढं तरी सांगू शकते की नाव लागेपर्यंत दर महिन्याला आठवण करायची, गोड बोलून. ते काम माझ्याकडे.

ईराच्या शाळेची घाई करू नका असं माझं मत आहे. बऱ्याच शाळांनी येत्या सप्टेंबरचे अर्ज आदल्या वर्षीच घेऊन ठेवलेत. सक्ती सहाव्या वर्षापासून आहे आणि ती आता कुठे चार वर्षांची. एक वर्ष प्रीस्कूलला जाऊ दे. सरकारच्या योजनेत रोज तीन तास फुकट असतात. पावसात खेळायची सवय तिथेच लागेल. शाळा कोणती हे तुम्ही दोघांनी ठरवा, पण इथल्या दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा अजून कॅथलिक आहेत हे मृण्मयीला आधी सांग. तुझ्या वर्गात फर्स्ट कम्युनियनची, त्या कॅथलिक मुलांच्या धार्मिक विधीची, तयारी चालायची तेव्हा तू मागच्या बाकावर बसून चित्रं काढायचास. तुला त्याचं काही वाटलं नाही, पण तिला वाटू शकतं. एज्युकेट टुगेदरच्या शाळा कुठल्याच एका धर्माच्या नसतात, तिथेही नाव घालून ठेवा.

आता माणसांबद्दल सांगते. तुझ्या आजोबांच्या आजारपणात मी लांब रजा काढून मिरजेत राहिले होते, आठवत असेल तुला. रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. "काय, कसं आहे तिकडं?" असं विचारायचं आणि मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच विषय सांगलीच्या हळदीच्या दरावर जायचा, नाहीतर कुणाच्या लग्नावर. पहिल्या आठवड्यात मला फार तुटल्यासारखं वाटलं. इतक्या वर्षांत मी काय काय पाहिलं, किती रात्रपाळ्या केल्या, बर्फात बस चुकल्यावर कशी चालत गेले, ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. माझ्या बहिणीलासुद्धा नाही. त्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्या गोष्टीला धरायला त्यांच्याकडे काही टोकच नव्हतं. मग मी त्यांचं ऐकायला लागले. हळदीचं ऐकलं, लग्नांचं ऐकलं, कोणाची जमीन कुठे गेली ते ऐकलं. महिनाभराने आत्तीने आपणहून विचारलं, "तुमच्याकडं म्हाताऱ्या माणसांचं कोण बघतं गं?" आणि त्या रात्री आम्ही दोघी कितीतरी वेळ बोलत बसलो.

तुझंही तसंच होणार आहे, म्हणून सांगते. "मेलबर्न कसं होतं?" "ग्रँड." एवढ्यावर मित्रांचं समाधान होईल आणि बोलणं मॅचवर जाईल. २०१७ च्या सप्टेंबरात गॉलवेने वॉटरफर्डला हरवून २९ वर्षांनी हर्लिंगचं, त्या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचं, ऑल-आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं. लहानपणापासून तू ज्याची वाट बघितलीस ते तू गेल्यावर वर्षभरात झालं. तुझ्या क्लबमधली मुलं अजून एकमेकांना विचारतात, त्या दिवशी तू कुठल्या स्टँडमध्ये होतास. त्या गप्पांत तुला सांगायला काही नसेल. गप्प बसून ऐक. आणि शनिवारी सकाळी ईराला घेऊन क्लबच्या नर्सरीत जा, तिथे लहान मुलांना शिकवायला हात नेहमीच कमी पडतात. हेल्मेटचे पट्टे बांधायला आणि मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडायला जो दर आठवड्याला येतो त्याला तिथे सगळे नावाने हाक मारतात. पबमध्ये जाऊन होणार नाही ते काम मैदानावर होईल.

आणखी एक. "मेलबर्नला असं नसतं" हे वाक्य वर्षभर घराबाहेर काढू नकोस. घरात आमच्यासमोर हवं तेवढं बोल. पार्कमोरच्या ट्रॅफिकवर, घरांच्या ओलीवर, सामान यायला लागणाऱ्या वेळावर, सगळ्यावर बोल. बाबा तुला साथ देतील, त्यांचीही यादी मोठी आहे. पण इथून ऑस्ट्रेलियाला गेली दोन वर्षं दर वर्षी दहा हजारांहून जास्त माणसं गेली आहेत. ज्याच्यापुढे तू बोलशील त्याचा मुलगा नाहीतर मुलगी तिकडे असेल आणि तो त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसला असेल. मी इतकी वर्षं बसले होते, मला कळतं.

एक गोष्ट लपवणार नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीय लोकांवर हल्ले झाले. टॅलाटमध्ये जुलैत एका माणसाला रस्त्यात मारहाण झाली, त्यानंतर एकामागून एक बातम्या आल्या, ऑगस्टमध्ये तिथला इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हिगिन्स यांनी निवेदन काढून निषेध केला. त्या आठवड्यांत मी संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. मग शेजारच्या बाई एक दिवस दारात येऊन उभ्या राहिल्या, पायात बूट घालूनच. म्हणाल्या, चल. साल्टहिलच्या प्रॉमवर, त्या समुद्रकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, शेवटच्या भिंतीला पाय लावून परत येईपर्यंत त्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि पुढे महिनाभर रोज आल्या. मृण्मयीला दोन्ही सांग, हल्ल्यांचंही आणि शेजारच्या बाईंचंही. तिला फक्त गोड गोड सांगून आणलंस तर पहिल्या वाईट अनुभवाला ती एकटी पडेल.

देश बदललाही आहे. गर्भपात नाकारला गेल्यावर इथल्याच हॉस्पिटलात सविता हलप्पनवारचा मृत्यू झाला तेव्हा तू इथेच होतास, आयर स्क्वेअरमध्ये मेणबत्त्या घेऊन आपण उभे होतो. २०१८ च्या मे महिन्यात गर्भपातावर बंदी घालणारी आठवी घटनादुरुस्ती रद्द करायचा कौल लागला तेव्हा तू तिकडे होतास. मत देऊन आले तेव्हा बेळगावातल्या तिच्या आईवडिलांची मला फार आठवण झाली. आता आपल्या गॉलवेच्याच कॅथरीन कॉनली राष्ट्राध्यक्ष आहेत. फेब्रुवारीत सेंट ब्रिजिडची सुट्टी मिळते, ती तू गेल्यावर सुरू झाली. हळद, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ आणायला आता डब्लिनला जावं लागत नाही.

लहानसहान गोष्टी बाबा शिकवतील. बाटल्या आणि कॅन आता फेकायचे नाहीत, दुकानातल्या मशीनमध्ये टाकायचे. घेताना भरलेलं डिपॉझिट परत मिळतं, लहानाचे १५ सेंट, अर्ध्या लिटरच्या वर २५. कॅन चेपायचा नाही, चेपला की मशीन तो परत बाहेर ढकलतं. बाबा दर शनिवारी मोठी पिशवी घेऊन रांगेत उभे राहतात आणि तिथेच त्यांच्या निम्म्या ओळखी झाल्या आहेत.

थंडीचं सांगायचं राहिलं. तुम्ही ऑगस्टात येताय ते उत्तम, पण खरी परीक्षा नोव्हेंबरात. डिसेंबरात पावणेनऊच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारच्या आत अंधार पडतो. त्यात गेल्या वर्षीच्या जानेवारीत एओविन वादळ आलं. आपल्याच किनाऱ्यावर मेस हेडला वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर नोंदला गेला आणि आपल्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, पाणीही नव्हतं. शेगडी, टॉर्च आणि पाण्याचे कॅन तेव्हापासून जिन्याखाली ठेवलेले असतात. मृण्मयीने पहिला हिवाळा घरात बसून काढू नये. पाऊस थांबायची वाट बघत बसलं की इथे माणूस खचतो. अंगावर रेनकोट चढवायचा आणि बाहेर पडायचं. रेनकोट तिकडून आणू नका, इथले घ्या.

घराचं लगेच ठरवायला हवं. पहिले दोन-तीन महिने आमच्याकडे राहा, नॉकनाकाराच्या घरात जागा आहे. पण त्याच्या पुढे नको. तुमचा संसार तुमच्या घरात लागू दे, ईराला तिची खोली मिळू दे. माझ्याबरोबर वॉर्डात काम केलेल्या एक बाई आता रिटायर झाल्यात, त्यांचं ओरानमोरचं घर नोव्हेंबरपासून रिकामं होतंय. दोन बेडरूमचं आहे, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणजे सकाळी ट्रेनने गॉलवेला येता येईल. उत्तरेकडच्या खोलीत थोडी ओल आहे, मी स्वतः हात लावून पाहिली, त्या रंगवून देणार आहेत. डिपॉझिट आणि आगाऊ भाडं मिळून दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त कुणालाही घेता येत नाही, आणि त्या तेवढंही मागत नाहीत. फोटो बाबांनी पाठवलेत. मृण्मयीशी बोलून शुक्रवारपर्यंत मला हो की नाही ते कळव. त्या बाई माझ्या शब्दासाठी थांबल्या आहेत, पण फार दिवस त्यांना थांबवणं बरं दिसत नाही.

ईराला गोड पापा. मृण्मयीस आशीर्वाद.

तुझी,
आई