दुर्मीळ फुलाचा पत्ता छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कंदीलपुष्पावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहे, लिहिणाऱ्याची आवडही खरी आहे. पण कुठल्या गावातून वर जायचं, कुठला ओढा ओलांडायचा, सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठाराच्या, कुठल्या अंगाला पाहायचं, एवढं सगळं छापायचं कारण काय? आपण वाचकाला फूल दाखवलंत की तिथवर नेऊन सोडलंत?

सोनकी किंवा तेरडा असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. त्यांनी अख्खा डोंगर भरतो. कंदीलपुष्पाची एखाद्या उतारावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं असतात. जमिनीखाली चपटा कंद असतो, पाऊस पडला की त्यातून कोंब वर येतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फूल लागतं. त्या फुलाच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात. चिलट आत शिरलं की अडकतं आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतं. कंदच कुणी काढून नेला तर पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उगवत नाही.

आमच्याच भागातल्या एका सड्यावर हे झालेलं मी पाहिलंय. कारवीच्या कडेला, जांभ्याच्या फटीत ही रोपं असायची. वरच्या धनगरवाड्यातली पोरं गुरांमागे फिरताना खर्चुडीचे, म्हणजे याच कंदीलपुष्पाचे, कंद उकरून खायची, तरी दरवर्षी फुलं यायचीच. मग एका हंगामात कुणीतरी फोटोसोबत ठिकाणाचा नकाशा मोबाइलवर फिरवला. पुढच्या श्रावणात गेलो तर रोपांच्या जागी खड्डे. खुरप्याने बेताने काढलेले, मूठभर माती बाजूला, एक चुरगळलेलं पान. हातभर अंतरावरच्या सोनकीला धक्काही लागलेला नव्हता. काय न्यायचं ते नेणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

वन खात्याच्या कार्यालयात तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, 'झाड कुठलं? घेर किती?' वीतभर रोपाचा घेर काय सांगणार? राखीव वनातून कंद काढणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानेही गुन्हा आहे, हे मलाच तिथे सांगावं लागलं. अर्ज घेतला, पोच दिली. पुढे काही कळलं नाही.

कास पठाराची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचं स्थान मिळालं, त्यात कास आहे. तिथे तिकीट आहे, आसपासच्या गावांच्या समितीची माणसं उभी असतात, कुणी फूल तोडलं तर हटकतात. आपण ज्या सड्याचा पत्ता छापलात तिथे हटकायला कोण आहे? एका वनरक्षकाच्या अंगावर किती डोंगर असतात ते आपल्या वार्ताहरांना चांगलं माहीत आहे.

त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर 'ओसाड पठार हिरवं करणार' ही बातमी आहे. फोटोत मंडळी सड्यावर खड्डे खणून गिरिपुष्पाची झाडं लावताहेत. पठार ओसाड नाही हो! जांभ्यावरच्या त्या बोटभर मातीतच गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू ही इवली रोपं वाढतात. झाडांची सावली पडली तर ती तिथे टिकायची नाहीत. झाडं लावायला गावठाण आहे, रस्त्याच्या कडा आहेत. सडा सोडा.

दुर्मीळ वनस्पतींवर जरूर लिहा, पण ठिकाण म्हणून जिल्ह्याचं नाव पुरे. अभ्यासकही अशा जागा उघड करत नाहीत. छापलेला अंक परत घेता येणार नाही, पण संकेतस्थळावर तो वाटेचा परिच्छेद आज सकाळीही तसाच होता. तो आजच काढा. फुलांचा हंगाम अजून महिनाभर आहे.

आपला,
एक वाचक, सातारा