सड्यावरची भरणी : एका माजी डंपरचालकाचं खनिकर्म मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. खनिकर्म मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : खाणीचे खड्डे नीट भरले, हे कशावरून ठरवायचं त्याबाबत.

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका वाडीत राहतो. नऊ वर्षं बॉक्साइटच्या, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम काढतात त्या दगडाच्या, खाणीवर डंपर चालवला. त्या पगारातून घराला स्लॅब पडला, थोरलीचं लग्न झालं. तेव्हा हे पत्र खाणीच्या नावानं बोटं मोडायला लिहिलेलं नाही. शेवटचं दीड वर्ष मी माल वाहिलाच नाही, भरणीवर होतो. म्हणजे उकरलेल्या खड्ड्यात माती परत टाकायचं काम. ती भरणी चुकली. आणि त्यातल्या बऱ्याच खेपा माझ्या आहेत.

आधी सडा म्हणजे काय ते सांगतो. आपण पाहिला असेल, पण बहुतेक गाडीतून. शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सपाट पट्टे आहेत. वर काळपट खडक, त्यावर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती, पावसाळ्यात गवत आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. पोटात बॉक्साइट. त्याखाली पांढुरकी चिकण माती आणि सगळ्यात खाली सह्याद्रीचा काळा कातळ. जांभा आणि बॉक्साइट दोन्ही भोकाभोकांचे. पाऊस त्यातून खाली उतरतो, चिकण मातीवर येऊन अडतो, आडवा सरकतो आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. आमची वाडी वसली ती अशा एका झऱ्याच्या आधारानं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती याच डोंगरांतून पाणी घेऊन खाली जातात आणि कोल्हापूरला पंचगंगा होतात. म्हणजे हा प्रश्न आमच्या वाडीपुरता नाही.

आता खाणीत काय होतं? वरची माती काढून एका बाजूला ढीग करतात. मग वरचा कठीण जांभा फोडतात, त्याला आमच्याकडं सगळे ‘ओबी’ म्हणतात. मग माल. माल संपला की तळाची चिकण मातीही थोडी निघतेच. भरताना जे शेवटी निघालं ते आधी खाली जायला हवं, त्यावर ओबी, आणि सगळ्यात वर ती जपून ठेवलेली माती. घर शाकारताना आधी वासे, मग कौलं, हे पोरालाही कळतं.

आमच्याकडं झालं ते असं. वरच्या मातीचा ढीग चार वर्षं पडून होता. त्यातली निम्मी पावसात गेली आणि उरलेली डंपर चढवायचा रॅम्प करण्यात संपली. मे महिना निम्मा उलटला होता, पाऊस तोंडावर. सुपरवायझर म्हणाला, जवळ असेल ते उचला आणि टाका. जवळ होती ती पांढुरकी चिकण माती. ती आम्ही सगळ्यात वर टाकली. डोझरनं फिरवून फिरवून अशी गुळगुळीत केली की क्रिकेट खेळावं. फोटो निघाले. आठ दिवसांनी ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लागली. कागदावर खड्डा बुजला.

जूनमध्ये त्या मैदानावर चहासारखं लाल पाणी गुडघाभर साठलं. खाली उतरेना, कारण चिकण मातीतून उतरणार कसं? शेवटी एका कोपऱ्यातून भराव फोडून ओढ्यात गेलं आणि जाताना खालच्या दोन तुकड्यांतला नाचणीचा तरवा घेऊन गेलं. शेजारच्या धनगरवाड्यावरची एक म्हैस त्या राडीत पोटापर्यंत रुतली. बारा माणसं आणि दोन कासरे लागले बाहेर काढायला. त्या बारांत मीही होतो. कुणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आणि झरा. पूर्वी झऱ्याखाली घागर लावून डोक्यावरची चुंबळ नीट करेपर्यंत ती भरायची, असं घरची मंडळी सांगते. आता एप्रिलात घागर लावून सरपण गोळा करून आलं तरी गळ्यापर्यंत येत नाही. ज्या पट्ट्यात गगनबावड्यासारख्या गावी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, तिथं ही गत. पाऊस कमी झालेला नाही. पाणी जिथं मुरायचं ते रांजण आम्ही काढून ट्रकात भरलं आणि उरलेल्याच्या तोंडाला चिखल लिंपला.

कायद्यात हे सगळं नाही असं नाही, म्हणूनच आपल्याला लिहितोय. खनिज संवर्धन आणि विकास नियम, 2017 मध्ये खाण सुरू असतानाच टप्प्याटप्प्यानं ती बंद करण्याचा आराखडा मागितलाय. माती वेगळी साठवून वापरण्याबद्दलही नियम आहे. सर्वोच्च न्यायालयानं 8 जानेवारी 2020 ला सांगितलं की खाणकाम संपल्यावर पट्टेदारानं, म्हणजे ज्याच्या नावावर खाणीचा पट्टा आहे त्यानं, स्वतःच्या खर्चानं त्या जागेवर पुन्हा गवत लावावं, चाऱ्यायोग्य जमीन करून द्यावी. गवत म्हणालंय न्यायालय. ऑस्ट्रेलियन बाभूळ गवाही खात नाही आणि म्हशीही खात नाहीत. सड्यावर मुळात झाडं नव्हतीच, तिथं झाडं मोजून काम झालं म्हणणं म्हणजे विहिरीच्या कामाचा हिशेब रंगाच्या डब्यांत देणं.

आता पैशाचं बोलू. खड्डा भरला नाही तर जप्त करायची हमी रक्कम असते. यंत्रांनी चालणाऱ्या ‘अ’ वर्गातल्या खाणींसाठी ती हेक्टरी 3 लाख होती, 2021 मध्ये 5 लाख केली. ऐकायला बरं वाटतं. मी डंपरवाला आहे, मी खेपांत मोजतो. एक हेक्टर जागेवर एक मीटर थर द्यायचा तर 10,000 घनमीटर माती लागते. खेपेला 10 घनमीटर धरले तर हजार खेपा. म्हणजे खेपेला पाचशे रुपये आले. त्यात डिझेल, पोकलेन, डोझर, माणसं. आणि खड्डा काय एक मीटरचा असतो? हमी सोडून देणं भरण्यापेक्षा स्वस्त पडत असेल तर ती हमी कसली.

आपल्या खात्यातून उत्तर येईल की बॉक्साइट हे प्रमुख खनिज, नियम केंद्राचे, बघायचं भारतीय खाण ब्यूरोनं. मान्य. पण खाणपट्टा राज्य देतं, त्यावर सही राज्याची असते आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, राज्याच्या तिजोरीत येतं. पट्ट्याच्या अटींत दोन ओळी घालणं आपल्याला अवघड नाही.

एक, भरणी झाल्याची पाहणी मे महिन्यात करू नका. उकरलेला मुरूम फुगलेला असतो, तो बसायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर तिथली जमीन कशी राहणार हे डोझरवाल्यालाही सांगता येत नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, ऑगस्टात पाणी कुठं साठतंय आणि एप्रिलात झरा किती चालतोय, हे ग्रामसभेसमोर मोजा आणि मगच हमीची रक्कम परत करा. मोजायला मशीन लागत नाही. पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. माझा धाकटा दर महिन्याच्या एक तारखेला मोजून वहीत लिहितो. खाण सुरू होण्याआधी असं कुणी लिहून ठेवलं असतं तर आज मला घागरीची उपमा द्यावी लागली नसती. म्हणून नवीन पट्टा देताना आधीची दोन वर्षं आजूबाजूच्या झऱ्यांची अशी नोंद सक्तीची करा.

दुसरं, मातीच्या ढिगाचा हिशेब मालासारखाच ठेवा. मालाच्या प्रत्येक गाडीचा पास असतो, मातीच्या ढिगाला कुणी वाली नाही. आणि ती चार वर्षं साठवायची गरजच काय? एका टोकाला उकरत असताना दुसऱ्या टोकाला ताजी माती अंथरत गेलं तर तिच्यातलं बी आणि गवताचे गड्डे जिवंत राहतात.

खाणीची झळ बसलेल्या गावांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा (जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के, लिलावातल्यांवर 10) झऱ्यांच्या कामाला जरूर द्या. पण त्यातून खड्डे भरू नका. खड्डा ज्यानं काढला त्यानंच भरायचा.

एवढं करूनही जुना सडा परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. बोटभर मातीत खडकावर उगवणारी ती फुलं आमच्या भरावावर मी अजून पाहिलेली नाहीत. माझं मागणं पाण्याचं आणि गवताचं आहे.

येत्या एप्रिलात आपण किंवा आपला एखादा अधिकारी यावा ही विनंती. रस्ता शेवटचा दीड किलोमीटर चालायचा आहे. वही आणि बादली आमच्याकडं आहे.

आपला,
एक माजी डंपरचालक
जि. कोल्हापूर