‘स्टिक डाव्या हातात असते’ असे कळवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपण आपले नाव लिहिले नाही, पत्ताही दिला नाही. पाकिटातल्या शेवटच्या चिठ्ठीच्या तळाशी ‘एक वाचक’ एवढेच लिहून आपण मोकळ्या झालात. त्यामुळे आपले आभार असे चारचौघांदेखत, अनावृत पत्रानेच मानावे लागत आहेत. आपले पाकीट माझ्या प्रकाशकांच्या कपाटात पाच महिने पडून होते, हेही आधीच सांगतो, म्हणजे उत्तराला लागलेल्या विलंबाचा दोष आपण मला देणार नाही. माझ्या कादंबरीच्या न विकल्या गेलेल्या प्रतींचे पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी मला बोलावले गेले, तेव्हा कोणीतरी सहज म्हणाले, ‘तुमचे काही टपाल आले होते बहुधा.’

पाकिटात ३१ चिठ्ठ्या होत्या. पुस्तक वाचनालयाचे असल्यामुळे त्यात खुणा करणे बरे नव्हे, म्हणून वाचताना कागदाचे तुकडे घालत गेले आणि पुस्तक परत करण्याआधी ते काढून पाठवत आहे, उपयोग नसेल तर टाकून द्यावेत, असे आपण लिहिले होते. प्रत्येक चिठ्ठीवर पृष्ठक्रमांक आणि खाली एखादी ओळ. एका चिठ्ठीवर ‘हा माणूस आधीच्या प्रकरणात डावखुरा नव्हता’, एकीवर ‘येथे हसू आले’, एकीवर ‘हे दोन परिच्छेद नसते तरी चालले असते’. शेवटच्या सूचनेशी मी पूर्णपणे सहमत आहे. ते दोन परिच्छेद मी एका ज्येष्ठ लेखकांवर छाप पाडण्यासाठी लिहिले होते आणि त्यांनी कादंबरी उघडूनही पाहिली नाही.

ही कादंबरी लिहायला मला सात वर्षे लागली. त्यानंतरचे दीड वर्ष कसे गेले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय आपल्या चिठ्ठ्यांचे मोल कळणार नाही. संपादकांनी २११ आणि २१२ ही दोन पाने गाळायला सांगितली, कारण त्यांच्या मते तेथे कथानक थांबते. मी आयुष्यात संपादकाला दिलेला एकमेव ठाम नकार तो. एका समीक्षकांनी मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून परीक्षण लिहिले आणि त्यात ‘मुद्रण व्यवसायाचे अभ्यासपूर्ण चित्रण’ म्हणून मला शाबासकी दिली. नातेवाइकांनी कादंबरी हजेरीपटासारखी वाचली, म्हणजे आपले नाव कोठे येते आणि आपल्याविषयी काय लिहिले आहे एवढेच पाहिले. शेवट अप्रतिम जमला आहे असे सांगणाऱ्या एका मित्राच्या घरी मी ती प्रत हातात घेतली, तेव्हा तिची अखेरची पाने बांधणीत चिकटलेली होती आणि ती कोणी सोडवलेली नव्हती. ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली सुरू झाले आणि हरिभाऊ आपट्यांनी त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध केली. तो प्रश्न यमूच्या दुःखासाठी होता, माझ्यासारख्याने तो स्वतःकडे ओढून घेणे अशोभनीय आहे हे मला समजते, तरीही त्या दीड वर्षात मी तो स्वतःपुरता अनेकदा विचारला आहे.

आपण का लिहिता, हा प्रश्न मला कार्यक्रमांतून विचारला जातो आणि त्याचे एक तयार उत्तर माझ्याजवळ होते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली याच प्रश्नावर एक निबंध लिहिला आणि लेखनामागच्या चार प्रेरणा सांगितल्या. निव्वळ अहंकार, सौंदर्याची ओढ, जे घडले ते पुढच्यांसाठी नोंदवून ठेवण्याची इच्छा आणि व्यापक अर्थाने राजकीय हेतू. मी या चारांतल्या शेवटच्या दोन सांगत असे, कारण त्या व्यासपीठावर शोभून दिसतात. पहिल्या प्रेरणेत ऑर्वेल यांनी एक गमतीची गोष्ट घातली आहे. लहानपणी ज्या मोठ्या माणसांनी आपल्याला कमी लेखले, त्यांचे उट्टे काढण्याची इच्छाही लेखकाला लिहायला बसवते, असे ते म्हणतात. ते वाचताना मी नेहमी अस्वस्थ होत असे, कारण माझ्या बाबतीत कमी लेखणारा मीच होतो.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवत असत. शिशाचे एकेक अक्षर खणातून उचलायचे, स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवण्याच्या हातातल्या पट्टीत, उलटे बसवायचे, ओळ भरली की दुसरी सुरू करायची. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार कित्येक शेकड्यांत जातात आणि त्या प्रत्येकाचे घर हाताला न पाहता सापडावे लागते. मजकूर छापून झाला की तीच पाने मोडून प्रत्येक खिळा आपापल्या घरात परत टाकायचा. मी २११व्या आणि २१२व्या पानांवर वर्णन केले आहे ते याच परत टाकण्याचे. आज ज्या अक्षरांतून एखाद्याची कविता उभी राहिली, तीच संध्याकाळी विस्कटून खणांत जातात आणि उद्या त्यांतूनच कोणाची तरी जाहीर नोटीस निघते. शाळेच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘मुद्रण’ असे लिहिले होते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की छापखाना आमचाच आहे. वडिलांनी तो अर्ज सही करण्यासाठी हातात घेतला, त्या शब्दावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘ण नीट काढ, त्याचा र वाटतो आहे.’ त्यांना समजले होते की नव्हते, हे मला अजूनही सांगता येत नाही. कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी आली.

आता २१२व्या पानावरच्या आपल्या चिठ्ठीकडे येतो. आपण लिहिले आहे: ‘हे पान ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ह्यांनी सदतीस वर्षे हेच काम केले, आता डोळे अधू झाले आहेत. म्हणाले, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचताना ह्यांची बोटे हलत होती. स्टिक डाव्या हातात असते, उजवा हात खिळे उचलायला मोकळा लागतो, असे हे म्हणतात. बाकी बरोबर आहे.’

बाई, मी पुस्तकात स्टिक वडिलांच्या उजव्या हातात दिली होती. ही चूक संपादकांच्या नजरेतून सुटली, मुद्रितशोधनातून सुटली, अभ्यासपूर्ण चित्रणाची वाखाणणी करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटली. चिठ्ठी वाचल्यावर मला प्रथम लाज वाटली आणि मग मी विचार करू लागलो की ज्या माणसाला मी शेकडो वेळा काम करताना पाहिले, त्याचे हात माझ्या स्मरणात अदलाबदल होऊन कसे राहिले. त्या रात्री मी स्वयंपाकघरात टेबलाच्या एका बाजूला उभा राहिलो, मग दुसऱ्या बाजूला गेलो, आणि उत्तर मिळाले. खिळ्यांचे खण असलेल्या उतरत्या पेटीच्या, म्हणजे केसच्या, पलीकडे एक बाकडे होते, त्यावर बसून मी शाळेचा अभ्यास करत असे आणि मान वर केली की वडील समोरून दिसत. त्यांचा डावा हात माझ्या उजव्या बाजूला येत असे. मी त्यांना आयुष्यभर समोरूनच पाहिले, त्यांच्या शेजारी उभा राहून, त्यांच्या बाजूने, एकदाही पाहिले नाही. असे उभे राहिलो असतो तर हाताची चूक झालीच नसती.

सात वर्षे मी ही कादंबरी का लिहीत होतो, हे मला त्या टेबलापाशी कळले. त्या बाकड्यावरून उठून केसच्या पलीकडे जाता यावे म्हणून मी लिहीत होतो, आणि तरीही पुस्तक संपेपर्यंत बाकड्यावरच बसून राहिलो. हे मला कोणत्याही परीक्षणाने सांगितले नसते, कारण ते सांगण्यासाठी आधी पान लक्ष देऊन वाचावे लागते आणि मग ते अशा माणसाला ऐकवावे लागते, ज्याची बोटे अजूनही त्या कामात आहेत.

वाचकाने लेखकाची चूक दाखवल्याची उदाहरणे मोठ्यांच्याही वाट्याला आली आहेत. चार्ल्स डिकन्स यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ क्रमशः निघत असताना १८४९ मध्ये एका ठेंगण्या बाईंनी त्यांना पत्र लिहून कळवले की आपण रंगवलेले खलप्रवृत्तीचे पात्र मीच आहे हे साऱ्यांना ओळखू येते आणि त्याने माझे जगणे कठीण झाले आहे. डिकन्स वरमले आणि पुढच्या प्रकरणांत त्यांनी त्या पात्राला चांगल्या माणसांत आणून बसवले. त्या बाईंच्या वकिलांचेही पत्र आले होते, हे खरे. आपण वकील पाठवला नाहीत, उलट वाटल्यास टाकून द्या म्हणालात.

मला जास्त आठवते ती अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल यांची गोष्ट. ‘मोबी डिक’ १८५१ साली आली आणि त्यांच्या हयातीत तिला फारसे कोणी विचारले नाही; पुढे ते १९ वर्षे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात निरीक्षकाची नोकरी करत राहिले. पण पुस्तक निघाले त्याच नोव्हेंबरात त्यांचे मित्र, कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी ते वाचून त्यांना पत्र लिहिले होते. हॉथॉर्न यांचे ते पत्र आज उपलब्ध नाही, मेलव्हिल यांचे उत्तर मात्र टिकले आहे. आपल्याला पुस्तक समजले, त्यामुळे या क्षणी मला शब्दांत न सांगता येण्याजोगे निर्धास्त वाटते आहे, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. पूर्वी हे वाक्य मला जरा अतिशयोक्त वाटे. आता त्यातला ‘या क्षणी’ हा भाग मला अगदी हिशेबी वाटतो. त्या निर्धास्तपणाला मुदत असते, ती पुढच्या कोऱ्या पानापर्यंतच टिकते, पण तेवढी मुदत मिळाल्याशिवाय पुढचे पान सुरूही करता येत नाही.

‘बाकी बरोबर आहे’ हे तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील याची मोजदाद नाही. माझ्या कोणत्याही लेखनावर यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला मिळालेले नाही, आणि ते देणाऱ्याने पुस्तक स्वतः वाचलेले नाही, फक्त ऐकले आहे. वाचनालयाच्या पुस्तकाला पेन्सिल न लावणारा माणूस आपल्यानंतर ते पुस्तक कोणीतरी हातात घेणार आहे हे ध्यानात ठेवतो. या सभ्यतेचा गवगवा होत नाही आणि तिचा फायदा ज्याला होतो त्याला तो बहुधा कळतही नाही. चूक सांगताना ती एका ओळीत सांगणे आणि त्यानंतर जे बरोबर आहे त्याला बरोबर म्हणणे, हीही त्याच घराण्यातली सभ्यता आहे. साहित्यव्यवहारात मला भेटलेली पुष्कळ माणसे या दोहोंपैकी एकच गोष्ट करतात. काही जण फक्त स्तुती करतात आणि काही जण फक्त काढून टाका म्हणतात. (यांत मीही आहे. इतरांच्या हस्तलिखितांवर मी दिलेले शेरे आठवले की मान खाली जाते.)

दुसरी आवृत्ती निघाली तर स्टिक डाव्या हातात जाईल. निघण्याची चिन्हे नाहीत, म्हणून माझ्याजवळच्या प्रतींत मी स्वतः शाईने दुरुस्ती केली आहे. या प्रती माझ्या आहेत, तेव्हा आपण रागावणार नाही असे धरून चालतो. आणि पुन्हा लिहायला बसलो आहे. या वेळी मुलगा केसच्या त्याच बाजूला उभा आहे, वडिलांच्या डाव्या खांद्यापाशी, आणि तेथून काय दिसते ते मला ठाऊक नसल्यामुळे लिखाण फार सावकाश चालले आहे.

त्यासाठी आपल्या यजमानांना एक गोष्ट विचारायची आहे. वडील ओळ जुळवता जुळवता मध्येच थांबत, डावा अंगठा ओळीतल्या शेवटच्या खिळ्यावर तसाच दाबलेला असे, आणि डोळे मिटून घेत. मी समोरून पाहत होतो, मला वाटे ते दमले आहेत. पण थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलत आणि मग हात पुन्हा चालू होई. तो थकवा होता, की खणातल्या एखाद्या क्वचित लागणाऱ्या खिळ्याचे घर ते आठवत असत, की जुळवलेली ओळ ते मनात वाचून पाहत असत? त्यांना आठवत असेल आणि सांगावेसे वाटले, तर कृपया कळवावे. चिठ्ठीवर लिहिले तरी चालेल. प्रकाशकांच्याच पत्त्यावर पाठवावे. कपाटाची एक किल्ली मी मागून घेतली आहे.

आपला कृतज्ञ,
त्या कादंबरीचा लेखक