आपत्कालीन वैद्यकातील संशोधन आणि सायटेशनचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायटेशनच्या, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत केलेल्या उल्लेखांच्या, आधारे काढलेली जगातील आघाडीच्या दोन टक्के संशोधकांची यादी जाहीर झाली की, तीत समाविष्ट असलेल्या आपल्या भागातील प्राध्यापकांच्या बातम्या दरवर्षी वृत्तपत्रांतून येतात आणि त्या वाचून आनंद होतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करताना प्राध्यापकांच्या सायटेशनचे तक्ते तयार करणे हे माझे काम होते, त्यामुळे या आकड्यांबद्दल मला आदर आहे. मात्र आपत्कालीन वैद्यकशास्त्रातील संशोधकाचे मोल केवळ त्यांवरून ठरवले जाते, तेव्हा मन अस्वस्थ होते.

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेला एच-इंडेक्स 20 असणे म्हणजे त्या संशोधकाच्या किमान 20 निबंधांची प्रत्येकी 20 वेळा तरी इतरांनी दखल घेतलेली असणे. ज्या शाखेत लिहिणारे पुष्कळ, तिथे हा आकडा लवकर वाढतो. आपल्याकडे आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती 2009 मध्ये, आणि या शाखेच्या डॉक्टरांचा दिवस व रात्र अपघात विभागात जाते.

शिवाय सायटेशन निबंधाची चर्चा किती झाली ते सांगते. निष्कर्ष टिकला की नाही, हे त्यातून कळत नाही. डेट्रॉइटचे डॉ. इमॅन्युएल रिव्हर्स यांनी 2001 मध्ये सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या अवस्थेच्या) 263 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या सहा तासांत ठरावीक मोजमापांच्या आधारे उपचार केल्यास रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण 46.5 टक्क्यांवरून 30.5 टक्क्यांवर येते, असे त्यात आढळले होते. आपत्कालीन वैद्यकातील सर्वाधिक उल्लेखल्या गेलेल्या निबंधांत त्याची गणना होते. पुढे 2014 आणि 2015 मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील तीन मोठ्या चाचण्यांत या पद्धतीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. सेप्सिस लवकर ओळखून तातडीने उपचार सुरू करण्याची जी सवय त्या कामाने जगभर लावली, ती मात्र टिकली. गंमत नव्हे, गंभीर बाब ही की, निष्कर्ष खोडणाऱ्या निबंधांनीही मूळ निबंधाच्या सायटेशनमध्ये भरच घातली.

याउलट उदाहरण आपल्याच मातीतले आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानंतर शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी साचते आणि धडधाकट मूल काही तासांत दगावते, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून टिपले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी गोळी येथे उपयोगी पडते, हा त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा अनुभव 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी 70 रुग्णांवरील चाचणीही प्रसिद्ध केली आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचूदंश हा श्रीमंत देशांच्या संशोधनाचा मोठा विषय नाही, म्हणून अशा कामाची सायटेशन कर्करोग किंवा हृदयविकारावरील निबंधांच्या जवळपासही जात नाहीत. पण या निबंधांतून वाचलेली मुले कोणत्या स्तंभात नोंदवायची?

विदर्भालाही हेच लागू आहे. मे महिन्यातील उष्माघात, सर्पदंश, 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा हे आपल्या आपत्कालीन विभागांचे प्रश्न आहेत. आकड्यांवरच बढती आणि सन्मान मिळणार असतील, तर तरुण डॉक्टर या विषयांकडे का वळतील, याचा विचार निवड समित्यांनी करायला हवा. उमेदवाराचे सर्वोत्तम तीन निबंध सदस्यांनी स्वतः वाचावेत आणि त्या कामामुळे कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार बदलला, हे त्याला विचारावे.

आपल्यालाही एक विनंती आहे. पुढील वर्षी यादीची बातमी देताना प्रत्येक संशोधकाच्या आकड्याशेजारी त्याने नेमके काय शोधले, हे दोन ओळींत छापावे.

आपला वाचक,
एक निवृत्त वैद्यकीय ग्रंथपाल, नागपूर