नाथसागरात फेरीबोट हवी, पण एकटी नको

मा. संपादक, स. न. वि. वि.

गंगापूर तालुक्यातील भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलवर बसून जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, म्हणजे नाथसागराचे, पाणी ओलांडतात आणि शाळा गाठतात, ही बातमी २०२३ मध्ये गाजली व उच्च न्यायालयानेही तिची दखल घेतली. तेथे पूलच हवा. परंतु जेथे नाथसागराचा फुगवटा दूरवर पसरला आहे आणि पलीकडे नेवासे-शेवगावकडे जाण्यास प्रवरासंगम किंवा पैठणचा वळसा घ्यावा लागतो, तेथे वाहने व प्रवासी एकत्र नेणाऱ्या फेरीबोटींचा विचार व्हावा. कोकणात दाभोळ-धोपावे मार्गावर अशी सेवा २००३ पासून आहे.

माझा आग्रह बोटींच्या निवडीविषयी आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंड ते व्हिडबी बेट या मार्गावरील, १९२७ साली बांधलेल्या बोटी तळाचा पत्रा गंजल्यामुळे नोव्हेंबर २००७ मध्ये तडकाफडकी बंद झाल्या. बेटाकडील बंदर अरुंद व उथळ असल्याने ताफ्यातील मोठ्या बोटी तिकडे वळवता येईनात. तेव्हा त्या राज्याने ‘क्वा-दी ताबिल’ वर्गाच्या, प्रत्येकी ६४ मोटारी नेणाऱ्या तीन सारख्या बोटी बांधून घेतल्या व २०१० ते २०१२ या काळात सेवेत आणल्या. पहिली रिकामी असताना एका अंगाला किंचित कलते म्हणून तिची थट्टाही झाली. पण तिन्ही एका नमुन्याच्या असल्याने सुटे भाग, धक्का आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण एकच पुरते, आणि एक दुरुस्तीला गेली तर दुसरी तिच्या जागी लावता येते. आपल्याकडे मात्र उद्घाटनाला एक देखणी बोट आणायची आणि ती बिघडली की मार्गच बंद, असे होण्याचा धोका अधिक.

नाथसागराची अडचण वेगळीही आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेले होते, म्हणजे वापरता येण्याजोगे पाणी संपून केवळ तळाचा साठा उरला होता. अशा वर्षी काठ इतका मागे सरतो की पावसाळ्यात बांधलेला धक्का कोरड्या गाळात उभा राहील. म्हणून कमी पाण्यावर तरंगणाऱ्या, दोन्ही टोकांनी वाहने चढ-उतार करता येणाऱ्या छोट्या बोटी आणि पाण्याबरोबर खाली सरकणारे लांब उतार असलेले धक्के हवेत. शिवाय १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे मार्ग पाणथळ कडांपासून दूर आखावा लागेल.

जलसंपदा विभागाने प्रथम फुगवट्यातील खोली महिनावार मोजून ती जाहीर करावी. बोटीची निविदा त्यानंतरच काढावी.

— एक वाचक, गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर